लहान फुल-रेंज स्पीकर आणि सबवूफर: मुरवायचं किती, जुळवायचं किती

तीन-चार इंची फुल-रेंज स्पीकर, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे स्वर एकाच कोननं (आवाज काढणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पडद्यानं) वाजवणारा स्पीकर, पहिल्यांदा वाजवला की बऱ्याच जणांना तो कोरडा वाटतो. गळा पुढे येतो, तबल्याची चाट टोचते, डग्गा तर ऐकूच येत नाही. मग कुणीतरी सांगतं, ‘दोनशे तास वाजू द्या, आपोआप सुटेल.’ या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. नवा स्पीकर सुरुवातीला ताठ असतो आणि वाजून सैल होतो, हे मोजून दाखवता येतं. मात्र त्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच उरकतो. पुढचे महिने आपण ज्याला मुरणं म्हणतो, ते बहुतेक वेळा आपल्या कानाचं सवय होणं असतं. आवाजात खरा, कायमचा फरक पडतो तो सबवूफरची (फक्त खर्ज वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरची) जोडणी, त्याची जागा आणि आपली खोली यांमुळे. लोक या कामाला अर्धा तास देतात आणि मुरवण्याला दोन महिने. माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं.

आधी फुल-रेंज का घ्यायचा ते पाहू. हलत्या कॉइलचा लाउडस्पीकर आज ज्या रूपात आहे, त्याची मांडणी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली अमेरिकेत केली, आणि तिच्यात एकच कोन सगळं वाजवत होता. पुढे खालच्या स्वरांचा वूफर वेगळा, वरच्या स्वरांचा ट्विटर वेगळा अशी विभागणी आली. नेहमीच्या टू-वे स्पीकरमध्ये ही विभागणी साधारण दोन ते तीन हजार हर्ट्झला होते. नेमकं तिथेच आपला कान सर्वांत तिखट असतो. फुल-रेंजमध्ये ही शिवण त्या जागी नसते. गायकाचा आकार, व्यंजनं, श्वास, सारंगीचा गज सगळं एकाच बिंदूतून येतं. म्हणून ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हा स्पीकर पटकन आवडतो.

याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली खर्जात. एखादा स्वर तेवढ्याच जोरानं एक सप्तक खाली वाजवायचा तर कोनला चौपट अंतर पुढे-मागे जावं लागतं. १६० हर्ट्झला अर्धा मिलिमीटर लागत असेल तर ८० ला दोन आणि ४० ला आठ. चार इंची कोनला आठ मिलिमीटर झेपत नाहीत. त्यातही तोच कोन त्याच वेळी गळाही वाजवत असतो, त्यामुळे खर्जाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर वरचे स्वरही गढूळ होतात. दुसरी किंमत तारसप्तकाच्या वरच्या भागात. चार इंची स्पीकरच्या कोनचा हलणारा भाग जेमतेम आठ सेंटीमीटर असतो. चार हजार हर्ट्झच्या थोडं वर लहरीची लांबीही तेवढीच होते, आणि तिथून पुढे आवाज चहूकडे न पसरता समोरच्या अरुंद पट्ट्यात जातो. स्पीकरच्या नाकासमोर बसलं तर झणझणीत, थोडं बाजूला सरकलं की मवाळ.

पहिल्या अडचणीवरचा इलाज सबवूफर, दुसरीवरचा स्पीकरचं तोंड योग्य तेवढं वळवणं. दोन्हींकडे वळण्याआधी मुरवणं उरकून घेऊ, कारण पुढची जुळणी मुरलेल्या स्पीकरवरच करायची असते.

कोनला दोन ठिकाणी आधार असतो. बाहेरच्या कडेला रबर, फोम किंवा कापडाचा सराउंड आणि आत व्हॉइस कॉइलजवळ नालीदार कापडाचा स्पायडर. स्पायडरचं कापड राळेत भिजवून, तापवून त्याला आकार दिलेला असतो. नव्या कापडात राळेचे बारीक सांधे ताठ असतात. कोन पुरेसा हलला की ते मोकळे होतात, कापड लवचिक होतं आणि स्पीकरची स्वतःची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या स्वराला तो आपोआप सर्वांत सहज हलतो ती, खाली येते. ऑस्ट्रेलियात काम केलेल्या नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावानं ओळखले जाणारे जे आकडे स्पीकरच्या माहितीपत्रकात असतात, त्यातला ‘एफएस’ तो हाच.

हा आकडा घसरला म्हणून डब्यातून येणारा आवाज तेवढाच बदलतो असं मात्र नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नव्या स्पीकरचा एफएस ७५ हर्ट्झ आहे. ‘व्हीएएस’, म्हणजे त्याच्या आधाराइतकी लवचिक असणारी हवा, ६ लिटर आहे, आणि त्याला ६ लिटरच्या बंद डब्यात बसवलंय. डब्यातली हवाही स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे डब्यासकट अनुनाद १०६ हर्ट्झला जातो. आता स्पीकर मुरला आणि एफएस ६७ वर आला, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के घट. आधार सैल झाल्यामुळे व्हीएएस साडेसात लिटर होतो. गणित पुन्हा मांडलं तर डब्यातला अनुनाद १०१ वर येतो. घट फक्त पाच टक्के. कारण डब्यातली हवा मुरत नाही. मुरण्यानं खर्ज ‘उघडतो’ म्हणतात, तो एवढाच उघडतो. ऐकू येईल असा असतो, पण डग्गा नव्हता तिथे डग्गा आणण्याइतका नाही.

आणि केबलही मुरवावी लागते असं काही जण म्हणतात, त्याचं काय? तांब्याच्या तारेत हलणारा, ताणला जाणारा भागच नाही. तिच्यासाठी तास मोजू नयेत.

मुरवायची रीत सोपी आहे. दोन्ही स्पीकर समोरासमोर, तोंडाला तोंड लावून जमिनीवर ठेवायचे, मध्ये चार बोटांचं अंतर. एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडायच्या, लाल जागी काळी. दोघांना मोनो, म्हणजे एकच सारखा सिग्नल द्यायचा. एकाचा कोन पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, त्यामुळे खालचे स्वर एकमेकांना बरेचसे खोडतात आणि घरातल्यांना त्रास कमी होतो. वर गोधडी टाकली की उरलेलाही दबतो. सिग्नल म्हणून पिंक नॉइज (धबधब्यासारखा सलग खळखळाट) किंवा भरपूर तबला-पखवाज असलेलं रेकॉर्डिंग चालेल. आवाज किती ठेवायचा? बोट कोनच्या अगदी जवळ नेऊन पाहा. कोन हलताना डोळ्यांना दिसावा, पण टकटक किंवा खरखर अजिबात ऐकू येऊ नये. टकटक म्हणजे कॉइल आतल्या टोकाला आपटतेय. पहिले दोन-तीन तास हळू, मग थोडं वाढवून एक रात्र. पातळ कागदी किंवा धातूच्या कोनचे नाजूक स्पीकर बनवणारे काही जण यापेक्षा बराच जास्त काळ कमी आवाजात चालवायला सांगतात. तिथे त्यांचं ऐकावं, कारण सुरुवातीलाच जोरात वाजवून आधार एकीकडे ओढला गेला तर तो परत सरळ होत नाही. झालं की तारा पुन्हा सरळ जोडायला विसरू नका. एक स्पीकर उलटा राहिला तर गायक मधोमध उभा न राहता खोलीभर विरघळतो आणि खर्ज गायब होतो.

डबा भोकाचा, म्हणजे बेस-रिफ्लेक्स असेल, तर आणखी एक काळजी. भोक ज्या वारंवारतेला जुळवलेलं असतं तिच्या खाली कोनला हवेचा आधार उरत नाही आणि तो मोकाट हलतो. अशा स्पीकरला मुरवण्यासाठी २० हर्ट्झचा टोन लावणं म्हणजे त्याला मारणं आहे.

मुरण्यानं खरंच किती फरक पडला हे पाहायचं असेल तर आठवणीवर विसंबू नका. आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांत पुसट होते, महिन्याभरापूर्वीचा स्पीकर कसा वाजत होता हे कुणालाच नीट आठवत नाही. त्यापेक्षा जोडीतला एकच स्पीकर रात्रभर वाजवा, दुसरा खोक्यात ठेवा. सकाळी दोन्ही शेजारी ठेवून तेच मोनो गाणं आलटून पालटून ऐका. बदलणारं बटण दुसऱ्याच्या हातात असेल तर उत्तम. जो फरक ऐकू येईल तो मुरण्याचा, बाकीचा कानाचा.

आपल्याकडच्या हवेबद्दल एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मुंबई-कोकणातल्या दमट, उष्ण हवेत पॉलियुरेथेन फोमचा सराउंड टिकत नाही. काही वर्षांत तो चिकट होऊन भुगा होतो. जुने स्पीकर घेताना बोटानं हलकेच दाबून पाहा. किनारपट्टीवर राहात असाल तर रबरी किंवा कापडी सराउंडच घ्या. कागदी कोन पावसाळ्यात ओल धरतो, आणि कोरड्या उन्हाळ्यात लावलेली घडी जुलैत थोडी वेगळी ऐकू येते. त्यात बिघाड शोधत बसू नये.

आता जुळणी. सबवूफर कशासाठी हवाय हे आधी ठरवू. बरेच जण म्हणतील, तंबोऱ्याच्या खर्जासाठी. तसं नाही. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकला असेल तर तो १३९ हर्ट्झच्या आसपास, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या सप्तकभर खाली, ६९ च्या आसपास. पण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, तारेची बरीचशी ऊर्जा वरच्या स्वयंभू स्वरांत जाते. मूळ स्वर क्षीण असला तरी वरचे स्वर ऐकून कान तो स्वतः भरून काढतो. म्हणून चार इंची स्पीकरवरही तंबोरा बऱ्यापैकी भरदार वाटतो. डग्ग्याचं तसं नाही. मनगट सरकवून काढलेला घुमारा शंभर हर्ट्झच्या खाली सुरू होऊन वर चढतो, आणि त्याच्या मुळाशी हवेचा खराखुरा धक्का असतो. तो लहान स्पीकरवर मिळत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाचंही तेच. म्हणून सबची परीक्षा घ्यायची तर डग्ग्यावर घ्या. घुमारा खालून वर जाताना कुठेही फुगू नये, कुठेही बुडू नये, आणि तो तबल्याच्या शेजारूनच यावा, सोफ्याच्या कोपऱ्यातून नाही.

स्वरांची वाटणी कुठे करायची? होम थिएटरमध्ये ८० हर्ट्झचा आकडा रूढ आहे. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला नीट सांगता येत नाही, म्हणून सब कुठेही लपवता येतो. तीन-चार इंची स्पीकरला मात्र ८० पर्यंत उतरवणं जड जातं. वरच्या उदाहरणातला स्पीकर १०१ लाच हात टेकतो. अशा वेळी वाटणी १०० हर्ट्झच्या आसपास करावी, आणि सब दोन स्पीकरच्या मधे किंवा त्यांच्या ओळीत ठेवावा, कारण एवढ्या वर आल्यावर तो कुठे आहे हे कळायला लागतं. १२० च्या वर जावं लागत असेल तर सब प्रत्येक स्पीकरखाली एक असे दोन घ्यावेत.

इथे एक चूक सर्रास होते. सब जोडतात, पण मुख्य स्पीकरला वरून खालपर्यंत सगळं वाजवू देतात. त्यानं अर्धा फायदा गेला. खालचे स्वर स्पीकरकडे जाऊच नयेत यासाठी हाय-पास फिल्टर हवा. एव्ही रिसिव्हर असेल तर स्पीकरचा आकार ‘स्मॉल’ निवडून क्रॉसओव्हर (वाटणीची वारंवारता) १०० करा, काम झालं. साधा स्टिरिओ पॉवर अँप्लिफायर असेल तर त्याच्या इनपुटला एक कपॅसिटर मालिकेत जोडूनही भागतं. इनपुटचा रोध २२ किलोओहम असेल तर ०.०६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण १०६ हर्ट्झपासून खाली उतार देतो. उतार सौम्य असतो, पण कोनचा प्रवास लगेच कमी होतो आणि गळा स्वच्छ होतो. मला स्वतःला सब जोडल्याचा सगळ्यात मोठा फायदा हा वाटतो. खर्ज येतो हे खरंच, पण त्याहून मोलाचं म्हणजे लहान स्पीकरच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

दोन्ही बाजूंचे उतार एकमेकांत नीट बसावेत म्हणून सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली एक मांडणी प्रसिद्ध केली. रस रायली या सहकाऱ्याच्या नावासकट ती लिंकविट्झ-रायली म्हणून ओळखली जाते. तिच्यात वाटणीच्या जागी दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असतात आणि एका तालात हलत असल्यामुळे बेरीज सपाट येते. चांगल्या डीएसपीत (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणाऱ्या यंत्रात) हा पर्याय असतो. बंद डब्याचा स्पीकर स्वतःच सप्तकाला १२ डेसिबलचा उतार देतो, त्यावर १२ चा फिल्टर लावला की २४ चा हवा तसा उतार जवळजवळ तयार होतो.

पण हे सगळं ‘एका तालात’ या अटीवर. झोपाळ्याला दोघं झोका देत असतील आणि एकाचा हात उलट्या वेळी पडला, तर झोपाळा जोर घेण्याऐवजी थांबतो. सब आणि स्पीकरचं १०० हर्ट्झला तसंच होतं. तिथे लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते. सब पाऊणेदोन मीटर मागे असेल तर अर्धी लहर उशीर होतो, आणि दोघं मिळून खोली शांत करतात. अंतराशिवाय फिल्टर आणि सबमधली इलेक्ट्रॉनिक्सही उशीर घालतात, म्हणून टेपनं मोजून भागत नाही. रिसिव्हरनं स्वतः मोजलेलं सबचं अंतर खऱ्याहून जास्त निघालं तर ते चुकलं समजू नका, त्यात हा उशीर धरलेला असतो.

फेज, म्हणजे दोघांचा हा ताल, जुळवायची खात्रीची रीत उलटी आहे. वाटणीच्या वारंवारतेचा, म्हणजे १०० हर्ट्झचा टोन लावा. आपल्या नेहमीच्या जागी बसा. सबचं फेज बटण १८० वर टाका आणि कुणाला तरी फेजचा नॉब किंवा डिले (उशिराची सेटिंग) हळूहळू फिरवायला सांगा. टोन सर्वांत बारीक होईल ती जागा शोधायची. जास्तीत जास्त मोठा आवाज कानाला नेमका पकडता येत नाही, पण जवळजवळ गायब झालेला आवाज लगेच कळतो. ती जागा मिळाली की बटण परत शून्यावर. आता दोघं सोबत ढकलताहेत.

याआधी सबची जागा ठरलेली हवी, आणि खोलीचा विषय इथे टाळता येत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लहर नेमकी बसते ती वारंवारता खोलीत घुमते. दहा बाय बारा फुटांच्या नेहमीच्या खोलीत बारा फुटांचा घुमारा ४७ हर्ट्झला, दहा फुटांचा ५६ ला. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा ५९ ला, म्हणजे पाठोपाठ दोन. दहा बाय दहाची चौरस खोली असेल तर दोन घुमारे एकावर एक चढतात. लाकडी सांगाड्याच्या, पातळ भिंतींच्या घरातून खर्जाचा काही भाग बाहेर निसटतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या भिंती तो जवळजवळ सगळा परत फेकतात. ‘या सबला एकच सूर आहे’ अशी तक्रार येते तेव्हा बहुधा तो सूर खोलीचा असतो.

जागा शोधायला सब तुमच्या बसायच्या जागी, खुर्चीवर ठेवा. खालपासून वर चढत जाणारा खर्ज असलेली एखादी ओळ पुन्हा पुन्हा वाजवा. मग भिंतीकडेनं रांगत, कान जमिनीजवळ ठेवून फिरा. कोपऱ्यात सगळं फुगलेलं ऐकू येईल, खोलीच्या मधोमध काही स्वर नाहीसे होतील. जिथे सगळे स्वर एकसारखे वाटतील तिथे सब न्यायचा. आवाज देणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी खालच्या स्वरांना फरक पडत नाही, म्हणून ही युक्ती चालते. स्वतः बसताना खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये आणि मागच्या भिंतीला डोकं टेकूनही बसू नये.

स्पीकरचं तोंड किती वळवायचं हे मी कानानंच ठरवतो. सरळ समोर ठेवून सुरुवात करायची, मग थोडं थोडं आत वळवायचं. ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले की एक पाऊल मागे. सहसा दोन्हींचे रोख आपल्या डोक्याच्या थोडे मागे किंवा थोडे पुढे मिळतात तिथे आवाज बसतो. इक्वलायझरला (वेगवेगळ्या स्वरपट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या सोयीला) हात लावण्याआधी हे करावं, कारण पैसे लागत नाहीत.

इक्वलायझर लावायचाच असेल तर मोजून लावा. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे, कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक मात्र विकत घ्यावा लागतो. फोनच्या माइकवर खर्जासाठी भरवसा ठेवू नये, तो बोलण्यासाठी बनवलेला असतो. आलेखात जे उंचवटे दिसतील ते कापा. खड्डे भरू नका. खड्डा म्हणजे दोन लहरी एकमेकींना खोडताहेत. जास्त जोर दिला तर दोन्ही वाढतात आणि खड्डा तसाच राहतो. सहा डेसिबल चढवायला चौपट वॅट लागतात, ते अँप्लिफायरच्या अंगावर येतात. खड्डा भरायचा उपाय म्हणजे सब हलवणं, किंवा दुसरा सब. टॉड वेल्टी यांनी २००२ साली यावर सविस्तर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब खोलीतल्या बऱ्याच जागी खर्ज एकसारखा करतात, असा त्याचा निष्कर्ष. एका मोठ्या सबपेक्षा दोन लहान सब घ्या, हे मी फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

शेवटी सबचा आवाज. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की आवाज कमी केला की कानाला खर्ज इतर स्वरांपेक्षा जास्त वेगानं कमी ऐकू येतो. दुपारी घर रिकामं असताना मोठ्यानं लावलेली घडी रात्री हळू ऐकताना पोकळ वाटते. म्हणून रोज ज्या आवाजात ऐकता, त्याच आवाजात सब लावा. नॉब शून्यावरून वर नेत जा, डग्गा तबल्याला येऊन मिळाला की थांबा, मग किंचित खाली या. आठवडाभर ते तसंच राहू द्या आणि निरनिराळी रेकॉर्डिंग ऐका, कारण जुन्या मैफलींमध्ये खर्ज बहुधा कमीच भरलेला असतो आणि एकाच ध्वनिमुद्रणावर लावलेला सब दुसऱ्यावर गुरगुरतो. सबखाली जाड रबरी पाय किंवा फोमची गादी ठेवली तर लादीतून खाली जाणारी कंपनं थोडी कमी होतात, आणि खालच्या मजल्यावरची कुरबुरही. ठरलेली प्रत्येक जागा, क्रॉसओव्हर, फेज, व्हॉल्यूम सबच्या मागे कागदावर लिहून चिकटवा. झाडताना नॉब फिरतोच.